चौसष्टावी लाइन

कमरुद्दीन: परत वाच. पहिल्यापासून.

अस्मी: काका, तिसऱ्यांदा वाचतेय. तुम्ही ड्राइव्ह करा ना. पुढे ट्रक आहे.

कमरुद्दीन: ट्रक मला दिसतोय. तू वाच.

अस्मी: ओके. लिहिलंय इंग्लिशमध्ये, मी मराठीत सांगते. "शनिवारी सकाळी साइटवरच्या सत्तर जुन्या ई-वन लाइनी काढून नव्या फायबर लिंकवर टाकल्या. त्यातल्या सिक्स्टी-थ्री चालू झाल्या, सात झाल्या नाहीत. पाच तास बंद. कारण, लिंकची कॅपॅसिटी चुकीची काढली. प्रिपेअर्ड बाय, अस्मी." खलास. दोन वाजता क्लायंटसमोर मिथुन सर हेच वाचणार.

कमरुद्दीन: त्याच्याखाली अजून एक रकाना असतो. चेक्ड बाय.

अस्मी: तो काढलाय.

कमरुद्दीन: कुणी?

अस्मी: मिथुन सरांनी सांगितलं. म्हणाले, कमर भाईंची एका वर्षाची व्हिसा-रिन्युअल एचआरकडे पडलीय, या आठवड्यात त्यांचं नाव कशातच नको. आणि बरोबरच आहे ना. चूक माझी आहे.

कमरुद्दीन: कशी झाली चूक, ते तरी नीट सांग. आत तुला विचारतील.

अस्मी: सिम्पल आहे. नवी लिंक म्हणजे एक एसटीएम-वन. वन फिफ्टी-फाइव्ह पॉइंट फाइव्ह टू मेगाबिट. जुनी एक लाइन टू पॉइंट झिरो फोर एट. मी डिव्हाइड केलं. सेव्हंटी-फाइव्ह पॉइंट नाइन आलं. म्हटलं पंचाहत्तर बसतील, आपल्याकडे सत्तर आहेत, पाच स्पेअर. नेटवरच्या कन्व्हर्टरमध्ये टाकून पण बघितलं. तेच आलं.

कमरुद्दीन: येणारच. भागाकार बरोबर आहे तुझा.

अस्मी: पण बसतात सिक्स्टी-थ्री.

कमरुद्दीन: त्रेसष्ट. वर एक नाही.

अस्मी: हां. चौसष्टावी लावली आणि तिथेच अडकलं सगळं. आणि चौसष्टावी नेमकी कामगार कॅम्पच्या क्लिनिकचा फोन. एखादा सीसीटीव्ही असता तर कुणी विचारलं पण नसतं.

कमरुद्दीन: हं.

अस्मी: सकाळी कुठे गेला होता तुम्ही? मी सात वाजता गेस्टहाउसच्या खाली बॅग घेऊन उभी होते. गाडी पण नव्हती.

कमरुद्दीन: हॉस्पिटलला. हमीदला बघायला.

अस्मी: तो वेल्डर? मला सांगितलं का नाही? मी पण आले असते.

कमरुद्दीन: बघण्यासारखं काही नव्हतं. सलाइन लावलंय, शुद्धीवर आहे. शनिवारी उन्हात काम करता करता पडला. मला ओळखत पण नाही तो. कंपनीचा माणूस म्हणून उठून बसायला लागला. मी म्हटलं, झोप रे बाबा.

अस्मी: काय म्हणाला?

कमरुद्दीन: क्लिनिकच्या हनीफला दुवा देत होता. फोन लागेना, मोबाइलला रेंज नाही, म्हणून हनीफनं त्याला पिकअपमध्ये घातलं आणि अकरा किलोमीटर आणलं, तेव्हा कुठे अँब्युलन्सला फोन लागला. हमीद म्हणतो, त्या दिवशी नेमका फोन खराब होता, माझं नशीब. मी हो म्हटलं. नशीब.

अस्मी: मला दोन रात्री झोप नाही काका. डोळे मिटले की तो रेड अलार्म दिसतो. चौसष्ट नंबरचा.

कमरुद्दीन: पाणी पी. मागे बाटली आहे.

अस्मी: मला माहितेय काय होणार ते. माझं प्रोबेशन अजून दोन महिने आहे. चौदा दिवसांची नोटीस देतील. बाबांचा व्हिसा गेल्या वर्षी कॅन्सल झाला, ते आणि आई नाशिकला. खलिफा सिटीतलं घर गेलं. मी ज्या देशात नर्सरीपासून शिकले तिथे राहायला मला या नोकरीशिवाय दुसरा कागद नाही. नाशिकमध्ये मी उन्हाळ्याची सुट्टी सोडून कधी राहिलेच नाही. तिथे मला सगळे दुबईवाली म्हणतात. अबुधाबी सांगितलं तरी दुबईवालीच.

कमरुद्दीन: प्रल्हादला सांगितलंस?

अस्मी: नाही. बाबा लगेच तुम्हाला फोन करतील. "कमर, पोरीकडे बघ." म्हणून नाही सांगितलं.

कमरुद्दीन: केला असता. त्यानं आणि मी सतरा वर्षं एका खोलीत जेवण केलंय. तू जन्मलीस तेव्हा पेढे घेऊन मीच गेलो होतो हॉस्पिटलला, तो साइटवर अडकला होता. थांब, फोन वाजतोय. हलिमा आहे. उचल, स्पीकरवर टाक.

हलिमा: कुठे पोचलात? जेवलात का नाय काही?

कमरुद्दीन: रस्त्यात आहे. अस्मी आहे बरोबर.

हलिमा: अस्मी, बरी हायेस ना गो? आवाज नाय तुझा.

अस्मी: बरी आहे चाची. जस्ट टायर्ड.

हलिमा: दमणारच. त्या वाळवंटात माणसाला पाठवतात तरी कशाला. ऐका हो, दुआच्या शाळेतून फोन आला होता. बोर्डाचा फॉर्म भरायचाय बारावीचा. व्हिसाची कॉपी मागतायत. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात संपतोय, रिन्युअलला दिलाय. ती बाई म्हणाली, मग नवीन झाला की आणा. झाला का हो?

कमरुद्दीन: होईल.

हलिमा: होईल म्हणजे कधी? मार्चपर्यंत तरी पायजे. मार्चनंतर काय, मी उद्या गावी म्हसळ्याला जायला तयार हाय, अजमानात काय ठेवलंय माझं. पण पोरीची बारावी अर्ध्यात तोडू नका. डॉक्टर व्हायचंय तिला, रोज पहाटे उठते.

कमरुद्दीन: माहितेय मला.

हलिमा: मग साहेबाला जरा गोड बोला. तुमी गप्प बसता, ते कुणाला कळत नाय.

कमरुद्दीन: इन्शाल्ला होईल. ठेव आता. गाडी चालवतोय.

हलिमा: ठेवते. शुक्रवारी येताना दुआसाठी खजूर आणा, ते मऊवाले.

अस्मी: काका, दुआ ट्वेल्थला आली पण? माझ्या डोक्यात ती अजून चौथीतच आहे.

कमरुद्दीन: थोरल्या राहिलच्या पाठी दहा वर्षांनी झाली. लोक हसायचे, कमरुद्दीन, नातवंडं व्हायच्या वयात काय हे. म्हणून तर साठ झाले तरी इथे आहे.

अस्मी: मग बघा. मिथुन सरांनी बरोबर केलं. तुमचं नाव नकोच रिपोर्टमध्ये. मला काय, मी सिंगल आहे, कुठेतरी लागेन परत. तुमचं एक वर्ष महत्त्वाचं आहे.

कमरुद्दीन: आत्ताच म्हणालीस, दुसरा कागद नाही.

अस्मी: ते मी टेन्शनमध्ये बोलले. रिअली. आणि तुम्ही बिझी होता त्या आठवड्यात, दोन साइट सांभाळत होता. चाळीस पानांची शीट. एका सेलमधला एक आकडा कुणाला दिसणार? तुम्हाला दिसला असता तर तुम्ही बोलला नसता का?

कमरुद्दीन: एसी कमी कर जरा.

अस्मी: केला. काका, तुम्ही इतके चांगले वागलात माझ्याशी. शनिवारी सगळे ओरडत होते, तुम्ही एकटे माझ्यासाठी चहा घेऊन आलात. मी विसरणार नाही ते.

कमरुद्दीन: अस्मी, पुरे.

अस्मी: नाही, मला बोलू द्या. दुसरा कुणी सगळं माझ्यावर ढकलून घरी झोपला असता.

कमरुद्दीन: मला दिसला होता.

अस्मी: काय?

कमरुद्दीन: पंचाहत्तर. तुझ्या शीटमधला. मला दिसला होता.

अस्मी: म्हणजे नंतर?

कमरुद्दीन: आधी. मंगळवारी. शीट आली, मी उघडली. विसाव्या पानावर होता. त्या सेलवर बोट ठेवून बसलो होतो मी. चौतीस वर्षं हेच काम केलंय. पंचाहत्तर लिहिलेलं मला न दिसायला मी आंधळा आहे का.

अस्मी: मग?

कमरुद्दीन: मग सही केली. पाठवून दिली.

अस्मी: वेट. तुम्ही बघितलंत, तुम्हाला कळलं की रॉंग आहे, आणि तुम्ही अप्रूव्ह केलं?

कमरुद्दीन: हो.

अस्मी: का?

कमरुद्दीन: काय सांगू.

अस्मी: नाही, सांगा. मी दोन दिवस स्वतःला शिव्या देतेय. का?

कमरुद्दीन: ऑगस्टमधली मीटिंग आठवते? तो नवा कन्सल्टंट आला होता. मी म्हटलं, जुन्या लाइनी हलवण्याआधी एकेक मोजून घेऊ, कागदावर धरू नका. तो हसला. मिथुन म्हणाला, कमर भाई, दॅट वॉज लेगसी, जुन्या जमान्यातलं. सगळे हसले.

अस्मी: मी पण?

कमरुद्दीन: थोडंसं. ओठ दाबून.

अस्मी: मला आठवत नाही.

कमरुद्दीन: तुला कशाला आठवेल. त्याआधी दोनदा तसंच झालं होतं. मी बोलायचो, सगळे माना हलवायचे, मग पुढचा विषय. म्हातारं माणूस लग्नात काहीतरी बोलतं आणि सगळे हो हो म्हणून जेवायला वळतात, तसं.

अस्मी: म्हणून तुम्ही बदला घेतला.

कमरुद्दीन: नाही गं. बदला घ्यायला अंगात जोर लागतो. मला फक्त कंटाळा आला होता. परत फोन करा, परत समजावा, परत कुणीतरी म्हणणार, अंकल, नव्या मशीनच्या कार्डात तसं नसतं. मला वाटलं, असेल नव्या कार्डात काही वेगळं. जाऊ दे.

अस्मी: खरंच वाटलं तसं?

कमरुद्दीन: नाही. ते मी नंतर स्वतःला सांगितलं. तेव्हा एवढंच वाटलं, बघू दे यांचं यांनाच. लाइन उठणार नाही, परत जुनी लावतील, तासाभरात संपेल. मग येतील विचारायला. जुनं मशीन त्याच सकाळी उचलून नेणार आहेत, हे मला माहीत नव्हतं. क्लिनिकचा फोन त्यात आहे, हेही माहीत नव्हतं.

अस्मी: बघितलं असतं तर कळलं असतं. यादी त्याच शीटमध्ये होती. पुढच्याच पानावर.

कमरुद्दीन: हो. मी पुढचं पान उघडलंच नाही.

अस्मी: गाडी थांबवा.

कमरुद्दीन: इथे कुठे थांबवू, हायवे आहे.

अस्मी: पुढे पंप आहे. थांबवा प्लीज. मला उतरायचंय.

(पंपाच्या सावलीत गाडी उभी राहते. अस्मी दार उघडून बाहेर जाते, दुकानापर्यंत चालते, काही न घेता परत येते. तेवढ्या वेळात कमरुद्दीनला चार वेळा वाटतं की हे सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, आणि पाचव्यांदा वाटतं की आता निदान छाती भरून श्वास घेता येतोय. अस्मी बसते. दार जोरात लावत नाही, याचंच त्याला वाईट वाटतं.)

अस्मी: मला चहा का आणून दिलात शनिवारी?

कमरुद्दीन: तू रडत होतीस.

अस्मी: मी तुमच्यामुळे रडत होते.

कमरुद्दीन: म्हणूनच आणला.

अस्मी: आय डोन्ट नो व्हॉट टु डू विथ धिस. आधी वाटत होतं माझ्या चुकीमुळे माणूस मरता मरता वाचला. ते कठीण होतं, पण निदान सरळ होतं. आता मला तुमचा राग येतोय आणि मागे चाचीचा आवाज ऐकू येतोय, पोरीची बारावी तोडू नका. तुम्ही हे मला सांगून मोकळे झालात. मी काय करू?

कमरुद्दीन: तू काही करू नकोस.

अस्मी: असं कसं? रिपोर्ट माझ्या मांडीवर आहे. आता मी तुमचं नाव घातलं तर दुआचं वर्ष मी घालवलं. नाही घातलं तर मी खोटं लिहिलं. दोन्ही माझ्याच डोक्यावर.

कमरुद्दीन: म्हणून म्हणतो, तू लिहू नकोस. दे इकडे लॅपटॉप.

अस्मी: काका, विचार करा. घाईत नको. मिथुन सरांनी स्वतः सांगितलंय नाव काढायला. कुणाला कळणार नाही. मला पण उद्या कुणी विचारलं तर मी सांगणार नाही. प्रॉमिस.

कमरुद्दीन: तू नाही सांगणार, ते माहितेय. म्हणून तर दे म्हणतोय. चष्मा कुठे ठेवला मी?

अस्मी: डोक्यावर आहे.

कमरुद्दीन: हां. तो रकाना परत आण. चेक्ड बाय.

अस्मी: आणला.

कमरुद्दीन: कमरुद्दीन. पुढे रिमार्क. थांब, एका बोटानं टाइप करतो मी, वेळ लागतो. हे घे. वाच.

अस्मी: "चेकर सॉ द फिगर सेव्हंटी-फाइव्ह अँड कीप्ट क्वाएट." काका, रिपोर्टमध्ये कीप्ट क्वाएट असं लिहीत नाहीत.

कमरुद्दीन: मग काय लिहितात?

अस्मी: फेल्ड टु आयडेंटिफाय द एरर.

कमरुद्दीन: ते खोटं आहे. आयडेंटिफाय तर केलं होतं.

अस्मी: पण असं लिहिलंत तर रिन्युअल तर सोडाच, नोटीस पण देणार नाहीत. सरळ टर्मिनेशन.

कमरुद्दीन: देऊ दे.

अस्मी: आणि दुआ?

कमरुद्दीन: दुआचं मी काल रात्रभर धरून बसलो होतो. दुआ, दुआ, दुआ. पोरीचं नाव पुढे करून मी लपत होतो. सकाळी हमीद म्हणाला, साहेब, मला पण दोन मुली आहेत. मी विचारलं पण नव्हतं त्याला.

अस्मी: राहिलदादा काही करू शकणार नाही?

कमरुद्दीन: त्याच्याशी बोलतो. व्हिसा संपल्यावर थोडे दिवस सवलत असते, त्यात काही बसतंय का बघू. नाहीच बसलं तर मुंबईत परीक्षा देईल. चिडेल माझ्यावर. वर्षभर बोलणार नाही. हलिमाला फोनवर नाही सांगणार, घरी जाऊन सांगतो. पाठव तू.

अस्मी: माझ्या लाइनखाली मी पण एक वाक्य घालते.

कमरुद्दीन: काय?

अस्मी: की मी फक्त डिव्हाइड केलं. कुणाला विचारलं नाही. तुम्ही चार महिने माझ्या शेजारच्या डेस्कवर बसता, मी खुर्ची वळवून एकदा पण विचारलं नाही.

कमरुद्दीन: ते नको घालूस. प्रोबेशन आहे तुझं.

अस्मी: तुम्ही तुमचं घातलंत ना. मी माझं घालते. झालं. पाठवू?

कमरुद्दीन: पाठव.

अस्मी: गेला.

कमरुद्दीन: चल मग. अजून चाळीस मिनिटं आहेत. बेल्ट लाव.

अस्मी: एक मिनिट. आत गेल्यावर तो कन्सल्टंट मला विचारेल, व्हाय सिक्स्टी-थ्री. मी गुगल केलं, सगळी नावंच नावं आहेत, डोक्यात काही गेलं नाही. मला अजून तुमचा राग आलाय, पण हे तुमच्याशिवाय कुणाला विचारू?

कमरुद्दीन: कागद आहे?

अस्मी: पंपाची पावती चालेल?

कमरुद्दीन: चालेल. काढ. गावी पाठवायला कार्गोला सामान टाकतो तेव्हा खोक्यात खोकं जातं, बरोबर? आणि प्रत्येक खोक्याचा पुठ्ठा जागा खातो, वर लेबल लागतं. तुझ्या भागाकारात पुठ्ठा धरलेलाच नव्हता. आता जुन्या तीन लाइनी घे, त्यांचा एक छोटा गठ्ठा. लिही, तीन. असे सात गठ्ठे एका खोक्यात.

अस्मी: थ्री सेव्हन्स. ट्वेंटी-वन.

कमरुद्दीन: एकवीस. अशी तीन खोकी एका एसटीएम-वनमध्ये. चौथं जात नाही, कितीही दाब.

अस्मी: एकवीस त्रिक... सिक्स्टी-थ्री.

कमरुद्दीन: त्रेसष्ट.

अस्मी: एवढंच?

कमरुद्दीन: एवढंच. मंगळवारी तुला हाक मारली असती तर दीड मिनिट लागलं असतं.